आठशे चाळीस शिंपल्या

त्या दिवसाची चाळिसावी शिंपली मी उघडली, तिच्या हृदयाभोवतीची पातळ पिशवी सुईनं फोडली, भिंगाखाली डोळे ताणताणून पाहिलं, आणि नेहमीप्रमाणे आत काहीही नव्हतं. वहीत शून्य लिहिलं. त्याच्यावर कालचं शून्य होतं, त्याच्यावर परवाचं. पानभर शून्यं, एका ओळीत आणि सुवाच्य. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं, एवढंच काय ते समाधान.

तेवढ्यात विश्रामगृहाचे चौकीदार दसरथभाऊ खिडकीशी आले. "पोस्टकार्ड हाये बाई तुमचं."

कार्डावर तीन ओळी होत्या. आमचे केळझरकर सर कमी शब्दांत पुष्कळ घाबरवायचे. 'शनिवारी सकाळच्या मोटारीने येतो. कृमी मिळाले असतील तर पाहीन. नसतील तर सामान बांधून ठेव.'

आणि तो शुक्रवार होता.

ही गोष्ट १९८२ सालची. मी बावीस वर्षांची होते आणि एम. फिल.साठी भंडारा जिल्ह्याच्या पार पूर्वेला, बोदलटोल्याच्या तलावावर येऊन बसले होते. माझा विषय होता एक किडा. तांदळाच्या कणीएवढा, चपटा, फिकट गुलाबी. त्याच्या पोटाला एक मोठी चकती असते आणि तिच्यावर मसाल्याच्या डब्यात असतात तसे खण. त्या चकतीनं तो गोड्या पाण्यातल्या शिंपलीला आतून, थेट हृदयापाशी, घट्ट धरून बसतो आणि तिच्या जिवावर जगतो. माणसाला तो काही करत नाही. सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला याच तलावात दर चार शिंपल्यांमागे एका शिंपलीत तो सापडला होता. मला एकवीस दिवसांत आठशे चाळीस शिंपल्यांत एकही सापडला नव्हता.

"किडा आहे," सर मागच्या भेटीत म्हणाले होते. "तुला दिसत नाही. काहींचा हात या कामाला बसतच नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही." असं कुणी म्हटलं की हमखास लाज वाटते. शिवाय वडिलांनी मला एकच वर्ष दिलं होतं. विषय काढून घेतला की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की मी कारंज्याला परत, काकांच्या किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत, पापड वाळत घालायला. पापडांशी माझं वैर नाही. पण मला किडाच हवा होता.

मी इकडे यायला निघताना सरांनी एक ताकीदही दिली होती. "गावात किड्याचं नाव काढायचं नाही. ही माणसं शिंपल्या खातात. आपण किडा किडा करत बसलो तर त्यांना वाटेल, आपण त्यांच्या ताटाला नावं ठेवतो."

मला ते पटलं. म्हणून पहिल्याच दिवशी, दसरथभाऊंनी बयनाबाई मारबत्यांना माझ्यापुढे आणून उभं केलं तेव्हा मी जपून बोलले. बयनाबाई पन्नाशीच्या. जातीनं ढीवर, म्हणजे तलावच त्यांचं शेत. गुडघाभर पाण्यात उभं राहून पायाच्या बोटांनी चिखलातली शिंपली चाचपून काढण्यात त्यांचा हात, खरं तर पाय, धरणारं गावात कुणी नव्हतं.

"रोज चाळीस शिंपल्या हव्यात," मी म्हणाले.

"कायले जी?"

"अभ्यासाला." खोटं नव्हतं ते, पण किडा गाळून बोलायचं होतं, त्यामुळे माझी नजर जमिनीकडे गेली.

"रोज चाळीस?"

"रोज."

"एकट्याच हा तुमी?"

"एकटीच."

बयनाबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मी तेव्हा काडीसारखी होते. "तुमी कोन लोक, बाई?"

"वाणी. कारंज्याचे."

"म्हंजे घरी..."

"छे! घरी अंड्याचं टरफलसुद्धा चालत नाही." यात काही अतिशयोक्ती नव्हती. प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा आईनं देवासमोर बसवून माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं की कापायचं तर काप, पण जिभेला लावायचं नाही.

"हं," बयनाबाई म्हणाल्या. मग पदर सावरत जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आनून देईन. कोनाले सांगनार नाई."

यात कुणाला सांगण्यासारखं काय आहे, ते मला कळलं नाही. पण मी आभार मानले.

तेव्हापासून रोज सकाळी ओल्या फडक्याखाली झाकलेली टोपली माझ्या दारात यायची. बयनाबाई दुपारच्या ऊन पाण्यात शिंपल्या काढायच्या, रात्रभर घरी पाण्यात ठेवायच्या आणि सकाळी आणायच्या. टोपली ठेवली की थोडं रेंगाळायच्या.

"कालच्या बऱ्या होत्या का?"

"छान होत्या."

"ह्या त्याच्याहून चांगल्या हायेत. पाहा, कशा भरल्या हायेत."

खरोखरच शिंपल्या देखण्या असायच्या. जड, काळ्याभोर, चकचकीत. बाकीच्या गावाला त्या काय दर्जाच्या देतात ते मला माहीत नव्हतं, पण मला मिळायच्या त्या पाहून मला उगाच वाटायचं, आपल्यावर या बाईंचा लोभ जडला आहे. एवढं मात्र बरोबर होतं.

तर शुक्रवारी दुपारी पोस्टकार्ड ब्लाउजमध्ये खोचून मी ढीवर मोहल्ल्याकडे निघाले. उद्या शिंपल्या आणू नका, एवढं सांगायचं होतं. तीन आठवडे एका बाईनं चिखल तुडवून माझ्यासाठी टोपल्या भरल्या, आणि मला त्यातून कणीएवढं काही काढता आलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटत होतं. रस्त्यानं जाताना मी दोनदा नाक पुसलं.

बयनाबाई अंगणात बसल्या होत्या. समोर शिंपल्यांचा ढीग, उजवीकडे माझी ओळखीची टोपली, डावीकडे एक मोडकं घमेलं. सभोवती सात-आठ गलेलठ्ठ बदकं. इतकी लठ्ठ बदकं मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

"या बाई. बसा," त्या म्हणाल्या. हात चालूच होता. एक शिंपली उचलायची, तिच्या फटीवर बोटाचं टोक क्षणभर टेकवायचं, आणि टोपलीत टाकायची.

"बयनाबाई, उद्या आणू नका. आमचे साहेब येतायत. मी बहुतेक परत जाईन."

हात थांबला. "काहून? पोट बिघडलं का?"

"नाही. पोट कशाला बिघडेल?"

"मंग? म्या तं एकएक पाहून देल्या." आणि बोलता बोलता त्यांनी एक शिंपली उचलली, बोट टेकवलं, नाक मुरडलं आणि ती डावीकडे, घमेल्यात टाकली.

"ती तिकडे का टाकली?"

"बदकायले."

"का पण?"

"ते तुमच्या कामाची नाई. सुस्त हाये. चांगल्या शिंपलीले बोट लावलं का फट्टकन मिटते. हे पाहा, झोपेत असल्यावानी मिटून रायली. हिच्या आंदर किडा असते."

मी उभी होते ती खालीच बसले. एक बदक माझ्या मांडीवरून चालत गेलं. "कसला किडा?"

"बारीक. गुलाबी. छातीपाशी चिकटून रायते."

"तुम्हाला तो किडा माहीत आहे?"

"अशी कशी हो तुमी? लहानपनापासून शिंपल्या फोडून रायलो, किडा माहीत नसन का?"

"म्हणजे एकवीस दिवस तुम्ही मला..."

"एक बी किड्याची देली नाई," बयनाबाई अभिमानानं म्हणाल्या. "आमी घरी निवडत नाई जी. शिजलं का किडा कोनता अन मास कोनतं. गावाले बी तशाच देतो. पन तुमी पयल्यांदाच... म्हनलं, हिले कायले किड्याची द्याची."

"पहिल्यांदाच काय?"

बयनाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या अंगणात कुणी नव्हतं. तरी आवाज उतरवला. "खाऊन रायल्या ना."

माझ्या डोक्यात काही शिरेना. "कोण खातंय?"

"आता माह्यापासून काय लपवता. रोजच्या चाळीस. दसरथाकडून मीठ किती मागवलं तुमी! स्टो पेटवता. दार लावून बसता. चाकू धुता. अन मांगं शिंपले कसे स्वच्छ धुऊन रचून ठेवले हायेत, एकात मासाचा कन नाई." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "घरचे खाऊ देत नाई, तं मानूस काय करन? अभ्यास म्हनाचं. मी काई कोनाले बोलली नाई. दसरथ्यानं विचारलं होतं, त्याले बी म्हनलं, अभ्यासाच्याच हायेत."

मीठ मी मिठाच्या पाण्यासाठी मागवलं होतं, त्यात किडा जिवंत राहतो म्हणून. स्टोव्हवर सुया उकळायची. दार माश्या येऊ नयेत म्हणून लावायची. शिंपले मोजमापासाठी धुऊन ठेवायची, आणि मांस वास सुटू नये म्हणून खड्ड्यात पुरायची. एकेका गोष्टीचं उत्तर माझ्याकडे होतं. पण सगळ्या एकत्र ठेवल्यावर मलाही वाटलं, ही पोरगी खातेच आहे.

मग मला हसू फुटलं. आधी जरासं, मग आवरेना. बदकं पंख फडफडवत पळाली. बयनाबाई माझ्याकडे बघून काळजीत पडल्या, आणि मी हसता हसता रडायला लागले तेव्हा तर पाणी आणायला उठल्या.

"बयनाबाई, मी खात नाही हो!"

"बरं."

"खरंच नाही. मला तो किडाच हवाय. किड्यासाठीच आलेय मी इथे."

"बरं म्हनलं ना," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. त्यांचा काडीइतका विश्वास बसला नव्हता.

मी घमेलं उचललं. बदकांनी माझा मोहल्ल्याच्या टोकापर्यंत पाठलाग केला.

खोलीवर आल्या आल्या पहिली शिंपली उघडली. पिशवी फोडली, मिठाच्या पाण्याचे दोन थेंब सोडले, भिंग खाली आणलं. आणि तो तिथे होता. गुलाबी, चपटा, आपल्या चकतीवर सरकत निघालेला, जसं काही माझीच वाट पाहत बसला होता. त्याच्या मागे दुसरा. मग तिसरा. चौथा पिशवीच्या कोपऱ्यात अंग चोरून होता. माझ्या आयुष्यात पुढे पुष्कळ गोष्टी झाल्या, लग्न झालं, दोन मुलं झाली, विभागप्रमुख झाले, पण त्या चौथ्या किड्याइतका निखळ आनंद मला कशानंच दिला नाही. मुलांना हे सांगितलेलं नाही.

घमेल्यात सत्तावीस शिंपल्या होत्या. बारा उघडल्या, बाराच्या बारा किड्यांनी भरलेल्या. उरलेल्या पंधरा सरांसाठी जिवंत ठेवल्या.

सर सकाळी आले. पाठीमागे हात बांधून खोलीत शिरले, बांधलेलं सामान कुठे दिसतंय का ते पाहिलं, आणि मी भिंग त्यांच्याकडे वळवलं. ते वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले.

"कधी मिळाला?"

"काल संध्याकाळी."

"तोवर?"

"तोवर एकही नाही, सर." आणि मी सगळं सांगितलं. बयनाबाई, बोट टेकवणं, बदकं. मी खाते असं त्यांना वाटत होतं, एवढं मात्र गाळलं. सरांपुढे प्रत्येक गोष्ट सांगण्याइतकी मी तेव्हा धीट नव्हते.

सरांनी माझी वही मागितली. पान उलटलं, पुढचं उलटलं. शून्य, शून्य, शून्य. आता ते म्हणणार, तीन आठवडे वाया.

"आठशे चाळीस," ते म्हणाले. "आठशे चाळिसांत एकही नाही?"

"नाही, सर."

"तू नीट पाहिलंस?"

"हो सर." हे मात्र मी खाली न बघता म्हणाले.

सर खुर्चीवर बसले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "दर चारांत एक किड्याची, असा तलाव आहे हा. त्यातून एका बाईनं आठशे चाळीस निवडल्या, न उघडता, नुसत्या बोटानं. आणि एकदाही चुकली नाही." ते स्वतःशीच बोलत होते. "आमच्या प्रयोगशाळेत शिंपली मारल्याशिवाय हे कुणाला सांगता येत नाही. मला नाही येत." मग वही माझ्या हातात परत देत म्हणाले, "ही शून्यं खोडू नकोस. ही तुझ्या प्रबंधातली सगळ्यात मोलाची पानं आहेत. नजर तुझी चांगली आहे. मी चुकीचं बोललो होतो."

केळझरकर सर चूक कबूल करतात, हे विद्यापीठात कुणी खरं मानलं नसतं.

बयनाबाई नेहमीच्या वेळेला टोपली घेऊन आल्या. आणू नका म्हटलं तरी आणलीच होती, त्या दिवशी जरा जास्तच मोठ्या शिंपल्या. सरांनी त्यांना नमस्कार केला. मग माझ्याकडच्या पंधरा किड्याच्या शिंपल्यांत टोपलीतल्या पंधरा मिसळल्या, पाठ करून दोनदा ढवळल्या, आणि परात पुढे केली. "बाई, जरा निवडून दाखवाल?"

बयनाबाईंना निवडायला भाजी निवडण्याइतकाही वेळ लागला नाही. पंधरा इकडे, पंधरा तिकडे. आम्ही दोघांनी मिळून सगळ्या उघडल्या. एकही इकडची तिकडे नव्हती.

"मलाही शिकवा," सर म्हणाले आणि टोपलीतली एक थोराड शिंपली उचलून त्यांनी तिच्या फटीत बोट घातलं. टेकवायचं होतं, घातलं. फट्टकन आवाज झाला. सर जागच्या जागी उभे राहिले.

"हे चांगली हाये जी," बयनाबाई गंभीरपणे म्हणाल्या.

बोट सोडवायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात सरांनी, आपली अवस्था लक्षात येऊ नये म्हणून असेल, सहज विचारलं, "बाई, ही पोरगी इतक्या शिंपल्यांचं काय करते, असं तुम्हाला कधी वाटलं नाही?"

मी डोळे मिटून घेतले.

बयनाबाई ताठ उभ्या राहिल्या. "अभ्यास करते जी," त्या ठणकावून म्हणाल्या. "खात नाई. अजिबात खात नाई. एकदा बी खाल्ली नाई. देवाची आन."

सरांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या मिठाच्या बरणीकडे. मग स्टोव्हकडे. त्या दिवसापासून दर वेळी आले की निघताना विचारायचे, "तब्येत बरी आहे ना? चांगली सुधारली आहेस."

सर दुपारच्या मोटारीनं गेले. विषय माझ्याकडे राहिला, वर्ष राहिलं, आणि पुढची पस्तीस वर्षं मी त्याच किड्याच्या जिवावर जगले. पण त्या दुपारची गोष्ट अजून थोडी राहिली आहे.

मोटार दिसेनाशी झाली आणि बयनाबाई परत आल्या. हातात झाकलेलं जर्मनचं पातेलं आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. दार त्यांनी स्वतःच लोटून घेतलं.

"गेले साहेब?"

"गेले."

"आता बस निवांत. अन खा." पहिल्यांदाच त्या मला अगंतुगं करत होत्या. झाकण काढलं. लाल तर्री, वर कोथिंबीर, लसणाचा वास खोलीभर झाला. "तुले नीट शिजवता येत नसन. नुसतं मीठ टाकून खात असशील. म्हनून तं अशी वाळून गेली."

मी तोंड उघडलं होतं, बयनाबाई, मी खात नाही, हे पुन्हा सांगायला. आणि माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. बोटांच्या पेरांना चिखलानं भेगा पडलेल्या, अंगठ्याला शिंपलीच्या धारेची ताजी चीर. माझं अडाणी डोकं तेव्हा ठिकाणावर आलं. एकवीस दिवस मी समजत होते की मला कुणी नमुने पुरवतंय. ही बाई एकवीस दिवस मला जेवू घालत होती. घरापासून लपून खाणाऱ्या एका उपाशी पोरीला, स्वतःच्या घरी निवडत नाहीत तसं निवडून, आणि तिची लाज झाकून.

आईचं तोंड डोळ्यांपुढे आलं. देवघरही आलं. मग मी पातेलं पुढे ओढलं.

पहिला घास गिळताना डोळ्यांतून पाणी आलं. तिखटानं असेल. तिसऱ्या घासाला मी भाकरी मागितली.

"पाह्य," बयनाबाई समाधानानं म्हणाल्या. "म्या म्हनलंच होतं."

माझ्या प्रबंधात आठशे चाळीस शिंपल्यांची नोंद तारीखवार आहे, आणि ऋणनिर्देशात सरांच्याही आधी बयनाबाई मारबते यांचं नाव आहे. त्या पातेल्याची नोंद कुठेच नाही. सुट्टीत घरी गेले तेव्हा आईनं मला उजेडात उभं करून न्याहाळलं. "अंग धरलंयस बाई. रोज चाळीस शिंपल्या मागवतेस, असं पत्रात लिहिलं होतंस. जिभेला तर नाही ना लावलंस?"

"अभ्यासाच्याच होत्या," मी ठणकावून सांगितलं. "देवाची आण."